मदत हवी आहे: स्प्लेंडरची सीट खाली घ्यायची आहे, मागचा मडगार्डही काढायचा आहे (गुहागर)

खाडीकाठची:
नमस्कार मंडळी. बाबांची स्प्लेंडर आता मी चालवते. गाडी ठणठणीत आहे, अडचण माझ्या उंचीची. सीट 785 मि.मी. आणि माझे जेमतेम चवडे टेकतात. एरवी चालून जातं, पण कामासाठी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जावं लागतं. बोटीत चढताना ओल्या उतारावर पुढची गाडी मध्येच थांबली की माझी तारांबळ उडते. परवा मागच्या टेम्पोतल्या क्लीनरने उतरून गाडी धरली. बरं वाटलं, रागही आला.

कुशनवाल्याला विचारलं तर "ठेवून जा, करतो" एवढंच. कुठून कापणार, किती कापणार, काही सांगेना. म्हणून घरीच करावं म्हणते. सीटचा तळ प्लॅस्टिकचा आहे, रेक्झिन पिनांनी ठोकलंय. मागे आई एका बाजूला पाय सोडून बसते, तिची जागा आहे तशीच राहायला हवी.

दुसरं म्हणजे मागचा मडगार्ड. खारा वारा आणि आत लिंपून बसलेली जांभ्याची माती, त्यामुळे बोल्टांपाशी पत्र्याचे पापुद्रे सुटायला लागलेत. चाक काढून आतून घासून रंगवायचा विचार आहे. भाऊ म्हणतो, मडगार्ड काढूनच टाक, गाडी भारी दिसेल. चाक मी कधी काढलेलं नाही. गाडीला मेनस्टँड आहे, पान्यांचा सेट आहे. मिरग लागायच्या आत उरकायचंय. सुरुवात कुठून करू?

रेक्झिनवाला:
फोमला हात लावण्याआधी मागच्या शॉकअपच्या खाचा बघा. कडक खाचेवर असतील तर मऊवर आणा. थोडा फरक पडेल आणि फुकटात पडेल. आई मागे बसल्यावर खड्ड्यात आपटायला लागली, तर एक खाच परत वर.

आता फोम. सगळे वरून कापतात. त्याआधी कडा कापा. सीटचा पुढचा भाग जिथे मांड्यांना लागतो, तिथल्या दोन्ही कडा उतरत्या केल्या की पाय सरळ खाली जातो, फाकत नाही. नुसत्या तेवढ्यानेच पुष्कळ काम होतं. तरी कमी पडलं तर वरून एखादा इंच, त्याहून जास्त नको. फोम पातळ झाला की तासाभरात हाडं तळाला टेकतात, मग चिपळूणपर्यंतसुद्धा बसवत नाही.

पिना चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचकटा आणि रेक्झिन न फाडता काढा, कारण तेच पुन्हा ओढून बसवायचंय. मार्करने रेघ मारा, दोन्ही बाजूंना मापं सारखी. हॅकसॉचं नुसतं पातं घेऊन थोडं थोडं कापा, जाड पॉलिश पेपरने घासा, तळावर ठेवून बसून बघा, मग पुढचं कापा. आईच्या जागेशी पायरी ठेवू नका, उतार द्या.

आपल्याकडे महत्त्वाचं म्हणजे पाणी. ते शिलाईतून आत जातं आणि फोम पावसाळाभर ओला राहतो. रेक्झिनखाली जाड प्लॅस्टिकचा कागद घाला आणि तळाची भोकं मोकळी ठेवा. पिना स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, साध्या पिना समुद्राकाठी टिकत नाहीत. रेक्झिन उन्हात तापवून मग ओढा, सुरकुत्या पडत नाहीत. आधी पुढचं टोक आणि मागचं टोक, बाजू शेवटी.

आडवा_पाना:
भावाला सांगा, मडगार्ड फेकायचा नाही. मागे माणूस बसणाऱ्या मोटरसायकलला मागचं निदान अर्धं चाक झाकलेलं हवं, धरायला कडी हवी आणि पाय ठेवायला जागा हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 123 सांगतो. कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. आई साडीत एका बाजूला बसते म्हणता, मग साडीगार्डसुद्धा काढू नका. पुढच्या मडगार्डलाही हात नको. तो दोन्ही फोर्कना एकत्र धरून ठेवतो.

चाकाचं सांगतो. एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्याचा, नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मेनस्टँडवर जोर लावलात तर गाडी ढकलली जाईल. नट गंजला असेल तर आदल्या रात्री डब्ल्यूडी-40 (गंज सोडवायचा स्प्रे) मारून ठेवा, हातोडा नको. चेन अ‍ॅडजस्टरच्या (चेन ताणायच्या स्क्रूच्या) खुणांचा मोबाईलवर फोटो काढा. मग ब्रेकचा रॉड सोडवा आणि ब्रेक प्लेटला (ब्रेक ड्रमच्या झाकणाला) धरून ठेवणारी पट्टी सोडवा.

ही पट्टी म्हणजे सगळ्यात नाजूक जागा. परत बसवताना ती राहिली किंवा तिचा नट सैल राहिला, तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं. तिथे स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली, टोकं वाकवलेली पिन) असेल तर नवीनच घाला, जुनी सरळ करून वापरू नका.

चाक निघालं की ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक शूला तेलकट हातसुद्धा लागता कामा नये. बसवताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. एक्सल शेवटचा आवळताना कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा, म्हणजे शू ड्रममध्ये मधोमध बसतात. मग चेनचा ढिलेपणा बघा आणि अंगणातच ब्रेक मारून बघा.

खाडीकाठची:
दोघांचेही आभार. शॉकअप खरंच कडक खाचेवर होता, बाबा मागे नारळाची पोती लादायचे. मऊवर आणला, थोडा फरक आहे, पण कडा कापाव्या लागतीलच. एक शंका, मडगार्ड पूर्ण उतरवायचा की जागेवरच घासू?

आडवा_पाना:
बोल्टांपाशी पत्रा सुटतोय म्हणता, तर उतरवा. सीट काढलेलीच असेल, तेव्हाच करा. टेललाइट आणि इंडिकेटरच्या वायरींवर सोडवण्याआधी रंगीत टेप लावा. स्क्रूड्रायव्हरने बोल्टाभोवती टोचून बघा. टोक आरपार गेलं तर रंगावर पैसे घालवू नका, दुसरा मडगार्ड आणा, कारण नंबरप्लेट आणि दिवा त्याच्यावरच लटकतो. पत्रा घट्ट असेल तर तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साइडचा (गंजरोधक) अस्तर, त्यावर दोन हात रंग. रंग कडक ऊन असतानाच द्या, एकदा हवा दमट झाली की चिकट राहतो.

रेक्झिनवाला:
आणि पाऊस सुरू झाला की आठवड्यातून एकदा मडगार्डच्या आत विहिरीच्या पाण्याचा पाइप मारा. माती साचली नाही तर निम्मा गंज तिथेच थांबतो. कापण्याआधी मार्करची रेघ मारलेल्या सीटचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.