फसलेला कार्यक्रम वार्षिक अहवालात छापायचा का?

अहवालवाली:
नमस्कार मंडळी. एका मध्यम आकाराच्या सामाजिक संस्थेत काम करते आणि वार्षिक अहवाल दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो. आकडे गोळा करा, फोटो निवडा, अध्यक्षांचं मनोगत लिहा (हो, तेही मीच लिहिते). यंदा पेच पडलाय. तरुणांसाठीच्या रोजगार प्रशिक्षणातून आजवरची सगळ्यात मोठी तुकडी बाहेर पडली. पण सहा महिन्यांनी फोन करून चौकशी केली, तर निम्म्याहून कमी मुलं कामावर टिकलेली. विश्वस्त म्हणतात, पहिला आकडा ठळक छाप, दुसरा आपल्यापुरता ठेव, उगाच देणगीदार बिचकतील. खरंच बिचकतात का? आणि मुळात हा अहवाल वाचतं कोण?

जमाखर्च:
मी हिशेब तपासणारा माणूस. ताळेबंदाखाली सही करण्याआधी व्हाउचर बघतो. ‘अमुक इतक्या कुटुंबांच्या आयुष्यात परिवर्तन’ या वाक्याचं व्हाउचर मला आजवर कुणी दाखवलेलं नाही, आणि ते मागणं माझ्या कामात बसतही नाही. वाचणाऱ्याला मात्र वाटतं, हिशेब तपासलेत म्हणजे आतलं सगळंच तपासलंय.

एक सांगतो. तुमचे ते चौकशीचे फोन बहुधा प्रशासकीय खर्चात पडत असतील, आणि तो टक्का कमी दाखवायची सगळ्यांनाच घाई. हे खूळ इतकं बोकाळलं की २०१३ साली गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, देणगीदारांना संस्थांची माहिती नि पारख पुरवणाऱ्या तिघांनी अमेरिकेतल्या देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं: नुसत्या या टक्क्यावरून संस्था जोखू नका. फोन बंद करू नका, एवढंच.

मागचा बाक:
मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते. निधी देणाऱ्यांसाठी संस्थांचे अहवाल वाचणं हेच माझं काम, त्यामुळे ‘वाचतं कोण’ याचं एक उत्तर तरी मी आहे. मनोगत मी वाचत नाही. (माफ करा, तुम्हीच लिहिता हे आत्ता कळलं.) मी मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी उघडते आणि तेव्हा काय करू म्हणाले होते ते शोधते. गेल्या वर्षी ‘कुटुंबं’ मोजली आणि यंदा अचानक ‘व्यक्ती’ मोजल्या, की मी पेन्सिल उचलते. वाईट आकड्यापेक्षा गायब झालेला आकडा मला जास्त खटकतो.

चोरी झाली तरच विश्वास जातो असं नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकन रेड क्रॉसने ‘लिबर्टी फंड’ काढला. त्यात ५० कोटी डॉलरहून जास्त जमले. त्यातला काही भाग पुढच्या गरजांसाठी राखून ठेवायचा बेत बाहेर आला आणि लोक खवळले. कुणी खिशात घातले असा आरोप नव्हता, आणि संकटाची तयारी आधी करून ठेवणं तसं शहाणपणाचंच. पण देणाऱ्यांनी पैसे हल्ल्यात होरपळलेल्या कुटुंबांसाठी म्हणून दिले होते. नोव्हेंबरमध्ये संस्थेला माघार घेऊन सगळा निधी त्याच कामी लावू असं जाहीर करावं लागलं.

याच्या उलट डिसेंबर २००४ ची त्सुनामी. मेद्सां सां फ्राँतिए या डॉक्टरांच्या संस्थेने थोड्याच दिवसांत सांगून टाकलं की त्सुनामीच्या कामापुरते पैसे आले, आता यासाठी देऊ नका. वर देणगीदारांना विचारलं, उरलेले दुसऱ्या संकटांकडे वळवू का? बहुतेकांनी होकार दिला. दोन्हीकडे पैसे वळवायचेच होते. एका ठिकाणी आधी विचारलं, दुसऱ्या ठिकाणी नंतर कळलं.

तेव्हा विश्वस्तांना सांगा, दुसरा आकडा छापा, पण त्याखाली कारण आणि पुढच्या वर्षी काय बदलणार तेही छापा. कारणाशिवाय नुसता कमी आकडा मलाही उपयोगाचा नाही.

उलटतपासणी:
हे सगळं मोठ्या नावांना परवडतं. इंजिनियर्स विदाउट बॉर्डर्स कॅनडा या विकासकाम करणाऱ्या संस्थेने स्वतःच्या अपयशांचा वेगळा अहवाल काढायला सुरुवात केली, त्याचं कौतुक मलाही आहे. पण जिचं अनुदान दर वर्षी नव्याने मंजूर होतं, अशा लहान संस्थेने हे केलं तर पुढचा हप्ता येईल याची हमी तुम्ही देणार का? शिवाय आता कबुलीचीही फॅशन आलीय. चालेल एवढंच अपयश निवडायचं आणि ते छान मांडायचं.

मागचा बाक:
हमी नाही देऊ शकत. म्हणूनच अहवालाची वाट न पाहता निधी देणाऱ्याला आधी फोन करून सांगावं. छापील पानावर पहिल्यांदा कळलं की आमचीही वरिष्ठांसमोर पंचाईत होते.

वस्तीतला:
सगळे देणगीदारांचंच बोलताय. ज्या मुलांची नोकरी टिकली नाही त्यांनी हा अहवाल बघितलाय का? आमच्याकडे संस्था येतात, फोटो काढतात, जातात. अॅक्शनएड या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००० साली वरच्या ऑफिसांना पाठवायच्या अहवालांचं ओझं कमी केलं आणि कामाचा आढावा लोकांबरोबर बसून घ्यायचं ठरवलं. काही ठिकाणी तर बजेट लोकांना दिसेल असं फलकावर लिहून लावलं. फलकावरचा आकडा चुकला तर लोक तिथल्या तिथे धरतात. तुमच्या गुळगुळीत कागदावरचा कोण धरणार?

अहवालवाली:
वस्तीतला, हे सुचलंच नव्हतं. छपाईआधी त्या मुलांची बैठक लावते. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात घ्यायचे असं विश्वस्तांपुढे मांडणार आहे, बघू. एक शंका राहिली: ज्यांनी फोनच उचलला नाही, त्यांना कुठे मोजायचं? त्यांना वगळलं तर टिकलेल्यांचा टक्का एकदम वर जातो.

जमाखर्च:
वगळू नका. ‘संपर्क झाला नाही’ अशी वेगळी ओळ करा आणि टक्का प्रशिक्षण घेतलेल्या सगळ्यांवर काढा. पुढच्या वर्षीही तस्साच.