संवाद न लिहिता रोड मूव्ही: म्हापसा ते काणकोण, एक पेटी आणि एक पायलट

म्हादईकाठ

नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही वर्गमित्र वीसेक मिनिटांची फिल्म करतोय. गोष्ट अशी: वाळपईची एक मुलगी म्हापशात दुरुस्त करून घेतलेली बाजाची पेटी काणकोणला, श्रीस्थळच्या देवळातल्या उत्सवी नाटकाला घेऊन निघते. बस चुकते. मग ती स्टँडवरच्या एका पायलटाला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला गाठते. पिवळी-काळी मोटरसायकल, साठीचा माणूस, जन्मभर म्हापशातल्या म्हापशात भाडी मारलेला. ती मराठी नाटकवाल्या घरातली, तो तियात्रवेडा, म्हणजे कोकणी संगीत नाटकांचा वेडा. दोघांना एकमेकांच्या रंगभूमीतलं ओ की ठो कळत नाही.

पायलटाचं काम करणारे अंकल खरोखरच निवृत्त पायलट आहेत. पाठांतर त्यांना नको वाटतं, म्हणून संवाद लिहायचेच नाहीत असं ठरलं. पण सरावाला बसले की दोघं बोलतच सुटतात. बोलतात छान, पण गोष्ट म्हापशाबाहेर पडत नाही. सगळं शूट करून नंतर कापावं का? आणि मैत्री झाली हे दाखवायचं कसं?

पेडण्याचा राजपार्टी

कापून गोष्ट होत नाही रे. आमच्या घरात दशावतार आहे. आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. तोंड रंगवायला बसलो की कथा ठरते: कोण कोणाला भेटणार, कोण काय लपवणार, कुठल्या गोष्टीवर युद्ध लागणार. शब्द ज्याचे त्याने रंगमंचावर जुळवायचे. पण काय घडल्यावर आत जायचं, हे पक्कं असतं. तुमच्याकडे नेमकं तेच नाही.

प्रत्येक थांब्यासाठी एकच ओळ लिहा: इथून निघण्याआधी काय घडलं पाहिजे. मग दोघांना वेगवेगळं बाजूला घेऊन कानात सांगा. अंकलना सांगा, 'जेवायच्या आत घरी परतायचंय, पण तिला तसं बोलायचं नाही.' मुलीला सांगा, 'पूर्ण भाडं देण्याइतके पैसे नाहीत.' एकाचं दुसऱ्याला कळता कामा नये. बोलण्याला टोक आपोआप येईल.

मैत्री बोलून दाखवू नका. पेटी कोण उचलतं तेवढं बघा. म्हापशात ती एकटी ओढते आणि तो आरशात केस विंचरतो. करमल घाटात पावसाचे थेंब आले की तो न विचारता स्वतःचा रेनकोट पेटीवर बांधतो. त्या वेळी कोणी एक शब्दही बोलू नये.

आणि सराव आजच थांबवा! दोघांची ओळख कॅमेऱ्यासमोर वाढू दे. त्यासाठी शूटिंग रस्त्याच्या क्रमानेच करा. काणकोणचा प्रसंग सोयीसाठी आधी उरकलात, तर पहिल्या दिवसाचं परकेपण पुन्हा आणता येणार नाही.

चोडणची आवा

हायवेने जाऊ नका. म्हापशाहून पोंबुर्फ्याला या, फेरीने चोडण, पुढच्या फेरीने रायबंदर. पुलावरून गाडी सुसाट जाते. फेरीत दोघांना गाडीवरून उतरून शेजारी उभं राहावंच लागतं, आणि रॅम्प खाली आला की निघावंच लागतं. राजपार्टी म्हणतो तसा थांब्याचा शेवट तिथे आयताच मिळतो.

परवानगीचं काम एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे असतं, वेळेत अर्ज करा. देवळासाठी देवस्थान समितीला वेगळं भेटा. वाटेत कोणी अनोळखी माणूस बोलण्यात ओढला गेला, तर तिथेच त्याची लेखी संमती घ्या.

कानसेन

आवा, फेरी दिसायला सुंदर, पण इंजिनचा घरघराट संवाद खाऊन टाकेल. कॉलर माइक कपड्याच्या आत लावा, इंजिनपासून लांब रॅम्पच्या बाजूला उभे राहा. माणसं नसताना फेरीचा नुसता आवाजही मिनिटभर टिपून ठेवा, एडिटिंगला तो लागतोच.

धावत्या मोटरसायकलवर संवाद नकोच. हेल्मेट आणि वारा दोन्ही आडवे येतात, आणि अंकलचं लक्ष रस्त्यावरच हवं. बोलणं थांब्यांवर ठेवा. दोन कॅमेरे एकाच वेळी चालवा, एक एकावर, दुसरा दुसऱ्यावर, दोन्ही त्या दोघांच्या एकाच बाजूला. उत्स्फूर्त वाक्य पुन्हा तसंच येत नाही, त्यामुळे प्रतिक्रिया त्याच क्षणाची मिळायला हवी. फोनवर शूट करत असाल तर सेकंदाला २५ फ्रेम पक्क्या ठेवणारं अॅप वापरा, शटर १/५०. फ्रेमचा वेग बदलत राहिला तर आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो. सेकंदाला ५० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला साधारण २२ जीबी जातात, दोन कॅमेऱ्यांचे दुप्पट. रोज रात्री दोन ठिकाणी कॉपी करा.

म्हादईकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सराव बंद केला. दोघांनाही सांगितलंय की आता भेट थेट म्हापशाच्या स्टँडवर. पोंबुर्फा-चोडण-रायबंदर नक्की.

राजपार्टी दादा, एक सुचलंय. तियात्रात दोन पडद्यांच्या, म्हणजे प्रवेशांच्या मध्ये कांतार (गाणं) येतं, त्याचा कथेशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. अंकल सुंदर गातात. चोडणच्या खारफुटीजवळ थांबल्यावर त्यांनी स्वतःचं एखादं कांतार सुरू करायचं आणि मुलीने पेटीवर सूर शोधत साथ धरायची. तिला आधी काहीच सांगणार नाही. तिथली ओळ फक्त एवढीच लिहिलीय: 'पेटी पहिल्यांदा उघडते.' चालेल ना?

पेडण्याचा राजपार्टी

चालेल. फक्त अंकलना सांग, पट्टी तिला विचारायची नाही. तिची तिने शोधू दे. आणि सापडेपर्यंत कॅमेरा बंद करू नका.