स्नेक पासचा रस्ता सापासारखा वळतो म्हणून 'स्नेक' काय ओ?

शहापूरकर:
नमस्कार मंडळी. मुलगी शेफील्डला असते. फेब्रुवारीत आम्ही दोघं मँचेस्टरला उतरणार. जावई म्हणतात, "बाबा, तुम्हाला इथला आंबोली घाट दाखवतो." म्हणजे मँचेस्टर-शेफील्ड वाटेवरचा स्नेक पास घाट. माझे वडील बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर ट्रक चालवायचे. हिंडलगा, शिनोळी, आंबोली, मग उतरून सावंतवाडी. गोऱ्यांनी वेंगुर्ला बंदरातला माल छावणीपर्यंत आणायला हा रस्ता वापरला, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. तसं या स्नेक पासचं कुणी सांगेल का?

खानापूरची लेक:
काका, वळणांचा संबंध नाही. वाटेवर स्नेक इन नावाची खानावळ होती. डेव्हनशरच्या ड्यूकच्या, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याच्या चिन्हात साप आहे, तोच तिच्या पाटीवर आला. रस्ता टोलचा होता, १८२१ साली सुरू झाला, आखणी थॉमस टेलफर्डची. आता तो लिव्हरपूल ते लिंकन जाणाऱ्या ए-५७ या महामार्गाचा तुकडा आहे. माथा ५१० मीटरवर, आंबोलीपेक्षा खालीच. पण आंबोलीची झाडी मनात धरून येऊ नका. वर उघडा माळ, दलदल आणि अंगात शिरणारा वारा. बर्फ पडला की रस्ता बंद होतो. २०२२ च्या फेब्रुवारीत तर वादळी पावसानं रस्ताच खचला होता. निघायच्या सकाळी चौकशी करा, नाहीतर मँचेस्टरहून शेफील्डला होप व्हॅलीची रेल्वे आहेच.

हुन्नूरवाला:
घाट उतरल्यावर लेडीबोवर धरण लागतं, तिथं जरा थांबा. ॲशप्टन आणि डर्वेंट ही दोन गावं त्या पाण्यात गेली. ज्या पुलावरून तुमची गाडी जाईल त्याचं नाव ॲशप्टनचंच. डर्वेंटच्या चर्चचा मनोरा १९४७ पर्यंत पाण्यातून वर दिसायचा, मग पाडला. आमचं जुनं हुन्नूर हिडकल धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की विठ्ठलाचं देऊळ उघडं पडतं, आम्ही पोरंबाळं घेऊन दर्शनाला जातो. त्या लोकांना तेवढंही राहिलं नाही. मी तिथं काठावर बराच वेळ उभा होतो.

शहापूरकर:
दोघांचे आभार. एकदा पावसात दरड आली तेव्हा वडिलांनी आंबोलीत दोन रात्री ट्रकमध्ये काढल्या होत्या, त्यामुळे रस्ता खचला म्हणजे काय ते मला सांगायला नको. जावयांना आत्ताच फोन केला. बर्फ असला तर रेल्वेनं जाऊ. पण परत यायच्या आधी एक दिवस लेडीबोवरच्या काठावर न्यायचं त्यांनी कबूल केलंय.