कायरन रिटर्न: तारखा सायन धरायच्या की निरयन?

जातकाचा जन्म १९७६ च्या सुरुवातीचा, वेळ पक्की. सायन (वसंतसंपातापासून मोजलेला) कायरन, म्हणजे ज्योतिषात ‘जखमी वैद्य’ म्हटला जाणारा लघुग्रह, मेषेच्या उत्तरार्धात; पन्नाशीत तो जन्मांशावर (जन्मवेळच्या अंशावर) परततोय, हाच कायरन रिटर्न. स्विस एफेमेरिस या ग्रहगणिताच्या सॉफ्टवेअरवर दोन्ही गणितं केली, निरयनासाठी (स्थिर ताऱ्यांपासून मोजणी) लाहिरी अयनांश, म्हणजे दोन्ही पद्धतींतलं अंतर. पन्नास वर्षांत अयनांश सुमारे ४२ कला वाढतो. त्यामुळे निरयन युती (जन्मांशाशी गाठ) मार्गी म्हणजे सरळ गतीत उशिरा, वक्री म्हणजे उलट गतीत आधी येते. एरवी हे चालून जातं. पण जन्मांश स्तंभी बिंदूजवळ (जिथे ग्रह दिशा बदलताना थांबल्यासारखा दिसतो) असला की खरी पंचाईत: एका पद्धतीत तीन युत्या, दुसरीत एकच!

कायरन मानावा की नाही, हा वाद इथे नको. भाव, दृष्टी तपासून झाल्यात. पन्नाशी ओलांडलेल्यांच्या पत्रिका प्रत्यक्ष घटनांशी ताडून पाहिलेल्यांनी कृपया सांगा, कोणत्या पद्धतीची तारीख जास्त जुळली?