मदत हवी आहे: मामांचं डेंटल इम्प्लांट आणि विडी

माझे मामा हर्णै बंदरावर मासळीच्या धंद्यात आहेत. खालच्या दोन दाढांच्या जागी मागच्या आठवड्यात जबड्याच्या हाडात इम्प्लांटचे स्क्रू बसवले. हाड स्क्रूला घट्ट धरायला तीन ते सहा महिने लागतात, वरची दाताची कॅप त्यानंतर. तोवर विडी पूर्ण बंद, असं डॉक्टरांनी बजावलंय. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीला रक्त कमी पोचतं, जखम उशिरा भरते आणि हाड नीट धरत नाही. पुढेही इम्प्लांटभोवती पू होऊन हाड झिजण्याचा धोका विडी ओढणाऱ्यांना जास्त.

मामांना हे सगळं पटतं. पण पहाटे लिलावाला उभं राहिलं की हात आपोआप कानामागच्या विडीकडे जातो. मामी ओरडल्या तर म्हणतात, "बरं, मग मिश्री लावतो." म्हणजे आगीतून फुफाट्यात! तंबाखू ती तंबाखूच, आणि इथे तर थेट हिरडीवर चोळायची.

कुणी इम्प्लांटच्या काळात विडी-सिगारेट सोडली आहे का? टाके असताना निकोटीनचं च्युइंगम चालतं की कातडीवर चिकटवायचा पॅच बरा? पॅचमध्येही निकोटीन असतंच, म्हणून शंका. डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारणारच आहे, पण अनुभव हवेत. पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या क्विटलाइनवर (तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन) कुणी बोललंय का? मराठीत नीट बोलतात का? दापोली-खेडकडे व्यसनमुक्तीसाठी कुणी चांगलं समुपदेशन करत असेल तर तेही सांगा. माणूस हट्टी आहे, उपदेश करणारा नको.