४×५ शीट फिल्म ट्रेमध्ये डेव्हलप करताना ओरखडे आणि गडद कडा

प्रश्न (पुणे)

नमस्कार. घरच्या न्हाणीघरात अंधार करून मी ४×५ इंची इल्फर्ड एफपी-४ प्लस ही शीट फिल्म (सुट्या पानांची फिल्म) ट्रेमध्ये डेव्हलप करतो. डेव्हलपर (चित्र उमटवणारे द्रावण) आयडी-११, त्यात तितकेच पाणी. ट्रे ५×७ इंची. एका वेळी सहा शीट घेतो आणि चळतीतली तळाची शीट काढून वर ठेवत राहतो. निगेटिव्हवर, विशेषतः आकाशाच्या भागात, बारीक तिरके ओरखडे दिसतात आणि लांब बाजूंच्या कडा मधल्या भागापेक्षा गडद येतात, त्यामुळे प्रिंटमध्ये आकाश कडेला फिके पडते. शिवाय उन्हाळ्यात नळाचे पाणी २० अंशांवर मिळतच नाही. परदेशी डेव्हलपिंग टाकी मागवण्याचा खर्च तूर्त टाळायचा आहे. ट्रेमध्येच हे काम सुधारता येईल का?

प्रतिसाद १ (कोल्हापूर)

निश्चित येईल. तिरके ओरखडे बहुतेक वेळा नखांचे नसतात. वर ठेवल्या जाणाऱ्या शीटचा कोपरा खालच्या शीटच्या फुगलेल्या इमल्शनवर (प्रकाश टिपणाऱ्या थरावर) घासतो, त्याचे ते असतात. म्हणून शीट तिरकी सरकवत आणू नये. ती तळातून पूर्ण बाहेर काढावी, चळतीच्या वर आडवी धरावी, सपाट सोडावी आणि बोटांच्या पेरांनी हलकेच बुडवावी.

त्याआधी साध्या पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजवणे मी आवश्यक मानतो. कोरड्या शीट एकदम पाण्यात टाकल्या तर त्या एकमेकींना अशा चिकटतात की सोडवताना इमल्शन निघण्याची भीती असते. म्हणून एक शीट पूर्ण भिजल्यावरच दुसरी सोडावी. शीट उभी धरून तिच्या कडेला ओळखीसाठी कापलेल्या खाचा वरच्या कडेला उजव्या कोपऱ्यात लागल्या, तर इमल्शन आपल्याकडे आहे असे समजावे. पहिल्या शीटच्या खाचा इतरांच्या उलट दिशेला ठेवल्यास अंधारातही एक फेरा (सगळ्या शीट एकदा तळातून वर येणे) कधी पूर्ण झाला हे बोटांना कळते.

सहा शीट हा आकडा हात बसल्यानंतरचा आहे. तूर्त तीनच घ्याव्यात, आणि वाया गेलेल्या शीट साध्या पाण्यात घेऊन, आधी उजेडात व मग डोळे मिटून, सराव करावा. पातळ नायट्राइल हातमोजे घालावेत, कारण ज्या डेव्हलपरमध्ये मेटॉल हे रसायन असते त्यांनी कातडीला खाज आणि चट्टे येऊ शकतात, आणि आयडी-११ त्यांपैकीच आहे.

प्रतिसाद २ (नागपूर)

वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत. फक्त मी इमल्शन खाली ठेवून काम करतो. तसे केल्यास वरून येणारा कोपरा खालच्या शीटच्या पाठीवर पडतो, इमल्शनवर नाही. मात्र ट्रेचा तळ अगदी गुळगुळीत हवा. तळाला उंच रेघा असलेले ट्रे यासाठी निरुपयोगी आहेत.

गडद कडांचे कारण मला हालचालीत दिसते. शीट दर वेळी त्याच बाजूने ओढली आणि त्याच कडांवर दाबून बुडवली, की ताजा डेव्हलपर त्या कडांवरून जोराने वाहतो व तेथे घनता (निगेटिव्हचा काळेपणा) वाढते. दर फेऱ्याला चळत अर्ध्या वळणाने फिरवावी, दाबण्याची घाई करू नये आणि द्रावण किमान तीन सेंटीमीटर खोल असावे. उथळ द्रावणात असा असमानपणा हमखास येतो.

तापमानाबाबत विदर्भातला उन्हाळा काढलेला माणूस म्हणून सांगतो, २० अंशांचा हट्ट सोडावा आणि २४ अंश धरावेत. २० अंशांना या फिल्म-डेव्हलपर जोडीचा ११ मिनिटांचा वेळ २४ अंशांना आठ मिनिटांच्या आसपास येतो. त्यातही तो वेळ अधूनमधून हलवण्यासाठी आहे. ट्रेमध्ये हालचाल अखंड असल्याने इल्फर्डच १५ टक्क्यांपर्यंत कपात सुचवते. म्हणून सात मिनिटांपासून सुरुवात करून निगेटिव्ह पाहून ठरवावे. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नये, कारण इतक्या कमी वेळात समान डेव्हलपमेंट साधणे कठीण असते. बर्फ डेव्हलपरमध्ये कधीही टाकू नये. मोठ्या परातीत गार पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवावा. फिक्सर (चित्र कायम करणारे द्रावण) आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या जवळ ठेवावे, नाहीतर इमल्शनमधल्या जिलेटिनला सुरकुत्या पडण्याचा धोका असतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. आधी तीन शीट आणि २४ अंश असे करून पाहतो. प्रिंटसाठी वापरतो तो लाल दिवा या कामात चालेल का?

प्रतिसाद १

एफपी-४ पॅन्क्रोमॅटिक आहे, म्हणजे तिला लाल प्रकाशही दिसतो. त्यामुळे पूर्ण अंधारच हवा. अंधारात दहा मिनिटे बसल्यावर दाराखाली उजेडाची रेघ दिसली तर तेथे जाड काळे कापड लावावे. घड्याळाचे चमकणारे काटे आणि मोबाइल बाहेर ठेवावेत. वेळेसाठी आवाज देणारा टायमर घ्यावा. लाल दिव्यात काम करायचेच असेल तर लाल प्रकाश न दिसणारी इल्फर्डची ऑर्थो प्लस फिल्म घ्यावी. स्वस्त म्हणून काही जण एक्स-रे फिल्म वापरतात आणि ती योग्य लाल दिव्यात हाताळता येते, परंतु तिच्या बहुतेक प्रकारांना दोन्ही बाजूंनी इमल्शन असते. ओरखड्यांनी त्रासलेल्या माणसाने तिच्या वाटेला आत्ताच जाऊ नये.