कॉर्नियल अल्सर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरची जखम): बॅक्टेरिया, बुरशी की अमिबा? स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) ओळखायचं कसं?

शेवंती:
ओपीडीत अल्सर समोर आला की 'कडा पिसासारख्या, म्हणजे फंगल' इथेच गाडी थांबते. नेमकं काय बघावं, कोणत्या क्रमाने? आणि त्यावर किती विसंबावं?

तिरपी नजर:
क्रमापासूनच सुरुवात करा. सुन्न करणारा थेंब टाकण्याआधी कॉर्नियाची संवेदना तपासा. कापसाचा बारीक पीळ काढून बाजूने आणा (समोरून आणलात तर पेशंट बघूनच पापणी मिटतो), दोन्ही डोळ्यांची तुलना करा. हर्पीसमध्ये संवेदना कमी झालेली असते; थेंब आधी पडला तर हा फुकटातला पुरावा गेलाच.

मग फ्लुरोसिन (जखम उठून दिसावी म्हणून टाकायचा रंग). हर्पीसच्या डेंड्राइटला (झाडासारख्या जखमेला) फांद्या फुटतात आणि टोकांना फुगीर गाठी असतात. नागिणीतला मात्र किंचित उचललेला, टोकं निमुळती.

इन्फिल्ट्रेटच्या (कॉर्नियातल्या पांढुरक्या डागाच्या) कडा बघताना झोत अरुंद करा. रुंद उजेडात भोवतीची सूज आणि कड एकजीव दिसते. बुरशीचा अल्सर कोरडा, खरबरीत, थोडा वर आलेला. शेजारी सुटे ठिपके. बॅक्टेरियाचा सहसा ओलसर, रेखीव. न्यूमोकोकस एका बाजूने पुढे सरकतो, मागून भरत येतो. स्यूडोमोनासमध्ये हिरवट चिकट स्राव, आणि एक-दोन दिवसांत कॉर्निया वितळायला लागतो.

काजवा:
वरचं बरोबर, पण पिसासारखी कड म्हणजे बुरशीच असं धरू नका. पिथियम (बुरशीसारखी दिसणारी, पण बुरशी नसलेली) हुबेहूब तशीच दिसते. तिच्यात इन्फिल्ट्रेटमधून जाळीदार तंतू बाहेर पसरलेले दिसतात. तिच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नसतो, आणि बुरशीचं औषध नॅटामायसिन त्यावरच काम करतं, म्हणून ते चालत नाही आणि आपण 'फंगल बरं होत नाही' म्हणत बसतो. सुटे ठिपके नोकार्डिया या बॅक्टेरियातही असतात, तिथे टाचणीच्या डोक्याएवढे, कडेने माळेसारखे. हायपोपियनवरून (डोळ्यात तळाशी साचलेल्या पुवावरून) तर काहीच ठरवू नका. आणि आधी स्टिरॉइड पडलं असेल तर चित्रच बिघडलेलं असतं. ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अकँथअमिबा सगळ्यात जास्त फसवतो. सुरुवातीला खोटा डेंड्राइट दिसतो, हर्पीस म्हणून उपचार सुरू होतात. रिंग इन्फिल्ट्रेट उशिरा येतं, त्याची वाट बघू नका. दिसतंय त्यामानाने दुखणं फार, कॉन्टॅक्ट लेन्स किंवा चिखल-पाण्याचा संपर्क, आणि नसांच्या कडेने किरणांसारख्या रेषा: हे जुळलं की संशय घ्या.

शेवंती:
मग स्क्रेपिंग (जखम खरवडून नमुना घेणं) प्रत्येकाचं करायचं?

तिरपी नजर:
ठळक डेंड्राइट असेल तर गरज नाही. स्ट्रोमल (कॉर्नियाच्या मधल्या जाड थरातल्या) इन्फिल्ट्रेटमध्ये मात्र अँटिबायोटिकचा पहिला थेंब पडण्याआधीच. सुन्न करायला ०.५ टक्के प्रोपॅराकेन टाका. टेट्राकेनमुळे जंतूंची वाढ जास्त दबते. वरचा स्राव आधी पुसून टाका, तो स्लाइडवर गेला तर नुसता म्युकस दिसतो. १५ नंबरच्या ब्लेडने कडा आणि तळ दोन्ही खरवडा. एक स्लाइड ग्रॅम रंगाला (बॅक्टेरियासाठी), एक १० टक्के केओएचला (बुरशीसाठी). कल्चर प्लेटवर 'सी'च्या आकारात रेघा ओढा, आगर (जंतू वाढवायचा जेलीसारखा थर) फाटू न देता. रेघेबाहेर काही उगवलं तर ते बाहेरचं. अमिबाचा संशय असेल तर ई. कोलाय पसरलेली नॉन-न्यूट्रिएंट आगर प्लेट लॅबला आधीच सांगून ठेवा.

काजवा:
एक भर. कॉर्निया फार पातळ झाला असेल तर ब्लेड लावू नका. आणि इन्फिल्ट्रेट खोल, वर एपिथेलियम (सगळ्यात वरचा थर) शाबूत असेल तर खरवडून हाती काही लागत नाही; तिथे बायोप्सीच.